हिच्या फोनचा गव्हर्नर

म्हातारपणी माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं सगळे डॉक्टर सांगतात. त्या छंदापायी घरातलं दुसरं कोण म्हातारं होईल, ते मात्र सांगत नाहीत. मी हिच्या मोबाईलच्या प्रोसेसरचा वेग वाढवायला घेतला, त्याची ही हकिगत आहे. माझ्या हकिगतीतली निम्मी सोडून द्यावी असं आमचे शेजारी म्हणतात. कोणती निम्मी, यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.

आधी फोन किती मंद होता ते सांगतो, म्हणजे माझ्या हेतूबद्दल शंका राहणार नाही. सकाळचा गजर लावला तर तो वाजायचा, नाही असं नाही. पण तो वाजेपर्यंत ही उठून, आंघोळ उरकून, चहा पिऊन, 'मेला अजून वाजला कसा नाही' म्हणत त्याच्यापाशी येऊन बसलेली असायची. फोटोसाठी सगळ्यांनी हसून उभं राहावं, तर फोटोत हसू संपल्यानंतरचे चेहरे यायचे. आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा त्यामुळे फोटोत कंटाळलेला दिसतो. एकदा त्याच्यावर बेरीज टाकून मी भाजी आणायला गेलो. भाजीवाल्याने तोंडी हिशेब केला, मी घरी आलो, पिशवी रिकामी केली, तेव्हा कुठे फोनने उत्तर दिलं. तेही भाजीवाल्याच्या बाजूने.

असला फोन कुणीही भंगारात टाकला असता. मुलाने नवा पाठवलाही होता. तो खोक्यासकट कपाटात आहे आणि त्या खोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांची घडी आहे. "या वयात नवा फोन म्हणजे नवी सासू," ही म्हणते. "तिचं कुठे काय ठेवलेलं असतं, कशाला हात लावलेला चालत नाही, ते शिकता शिकता अर्धा जन्म गेला. आता पुन्हा नाही बाई."

बरं, मंद तर मंद, म्हणून मी दुर्लक्षही केलं असतं. पण मधे ताई होत्या.

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. दुसऱ्या गावी लेकीकडे असतात. मागच्या वर्षी त्यांच्या मेंदूला एक झटका येऊन गेला. हातपाय, नजर, माणसांची ओळख, सगळं शाबूत ठेवून तो फक्त शब्दांना धक्का लावून गेला. शब्द आत कुठेतरी आहेत, पण हाक मारली की लगेच येत नाहीत. दार उघडायला उशीर लावणाऱ्या माणसासारखे आतून नुसते आवाज करतात. डॉक्टरांनी लेकीला बजावलं होतं, 'यांना रोज कुणीतरी बोलतं ठेवा. बोलत राहिल्या तर शब्द परत येतील. गप्प बसल्या तर आहेत तेही जातील.' लेक दिवसभर नोकरीवर. तेव्हा 'कुणीतरी' म्हणजे ही.

रोज चार वाजता ही केस सारखे करून, फोन साखरेच्या डब्याला टेकवून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. व्हिडिओ कॉल लागायचा. म्हणजे लागता लागता लागायचा. ताईंचा चेहरा अर्धा यायचा, थिजायचा, मग उरलेला यायचा. ओठ हलायचे आत्ता आणि आवाज पोचायचा मागाहून. ही एक वाक्य बोलून हात बांधून वाट बघायची. तेवढ्यात कधी कधी सगळंच काळं.

"ताई काहीतरी सांगत होती हो!" एक दिवस ही रडकुंडीला आली. "'त्या… त्या…' करत होती. शब्द ओठावर आला होता, आणि या मेल्याने मान टाकली. आता तो शब्द पुन्हा येईल की नाही कोण जाणे."

तिने डोळे पुसले, फोनही पुसला. मी त्याच क्षणी फोन खिशात घातला आणि दुरुस्तीवाल्याकडे निघालो.

दुरुस्तीवाल्याने डोळ्याला भिंग लावून फोन उलटापालटा केला. मग भिंग न काढताच माझ्याकडे पाहिलं, त्यामुळे मी त्याला जरा मोठाच दिसलो असणार. तरी त्याच्यावर परिणाम झाला नाही.

"काका, वय काय झालं?"

"माझं विचारताय की फोनचं?"

"कुणाचंही सांगा, सल्ला एकच आहे. आता ओढाताण करायची नाही."

मी उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढलेला माणूस. थंडीत न बोलणारी इंजिनं मी नुसत्या शिव्यांनी चालू केली आहेत. एक पंप तर मी रजेवर गेलो की बंद पडायचा आणि माझी सही मस्टरवर पडली की आपोआप सुरू व्हायचा. आता हा काल भिंग लावलेला माणूस मला सांगणार, ओढाताण करू नका! मी तिथल्या तिथे ठरवलं, की याचा वेग आता मीच वाढवणार.

मी काही करणार आहे हे आमच्या इमारतीत माझ्याही आधी कळतं. समोरच्या दारातले मॅनेजर, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, पण बँक अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही असे, लगेच आले.

"पंपवाले, उगीच खोलाखोली करू नका. त्याला रात्री बंद करून झोपवत जा. माणसाला विश्रांती लागते, यंत्राला नको?"

"बँकेत हाच प्रयोग दिवसा करत होतात ना?" मी विचारलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. पण सल्ला द्यायचा राहिला की त्यांना अपचन होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी परत आले.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देतात, म्हणून त्यांना सगळे गोळीवाले म्हणतात. त्यांनी फोन हातात घेतला, डोळे मिटले आणि हिला विचारायला सुरुवात केली. "मंदपणा सकाळी वाढतो की संध्याकाळी? उजवीकडे जास्त की डावीकडे? गरम झाल्यावर बरं वाटतं की गारव्याने? लहानपणी कधी पडला होता का?"

"न्हाणीघरात," ही म्हणाली.

"तरीच!" गोळीवाले म्हणाले, आणि इतके समाधानी होऊन गेले, की फोनला औषध द्यायचं राहूनच गेलं.

वेग वाढवायचा तर फोन आधी 'रूट' करावा लागतो. हे काय असतं ते तुम्हाला थोडक्यात सांगतो. फोन आपण घेतो, पावती आपल्या नावाची असते, पण आत आपण भाडेकरूच असतो. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गच्चीची किल्ली मागायची नाही. रूट केला की आपण घरमालक. मग पाण्याच्या टाकीपर्यंत कुठेही जा. अर्थात टाकी फुटली तर बोंब मारायला मालकही आपणच. ही सगळी विद्या मी एका व्हिडिओवरून शिकलो. शिकवणाऱ्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही, नुसती नखं दिसली. भाषाही कुठली ते समजलं नाही. पण मधूनमधून तो ज्या सुरात उसासे टाकत होता, तो सूर कुठल्याही पंपघरात कळला असता.

दुपारची जेवणं उरकल्यावर मी टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला आणि कामाला लागलो. फोनने मला तीनदा विचारलं, 'नक्की ना?' 'यापुढे कंपनी जबाबदार नाही' असंही बजावलं. यापूर्वी ती कशाला जबाबदार होती, हे विचारायची सोय नव्हती.

"काय चाललंय?" ही म्हणाली.

"साफसफाई."

"घरातली कधी नाही केलीत ती?"

तेवढ्यात पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं आणि गोल फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. घाण्याचा बैलसुद्धा मधे पाणी प्यायला थांबतो. हे थांबेना. घड्याळाचा काटा चाराकडे सरकायला लागला तशी ही एकदा चिन्हाकडे बघे, एकदा माझ्याकडे. बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी त्या दिवशीचा फोन मॅनेजरांच्या मोबाईलवरून करावा लागला. फोन त्यांचा, त्यामुळे ते मधे बसले. ही एका बाजूने डोकावली, मी दुसऱ्या. ताईंना पडद्यावर पहिल्यांदा दिसल्या त्या मॅनेजरांच्या मिश्या.

"बोला ताई, मनमोकळं बोला!" मॅनेजर ओरडले. "घाबरायचं काही कारण नाही!"

ताई एवढ्या घाबरल्या, की त्यांनी फोन उशीखाली सारला. आम्ही तिघं बराच वेळ अंधार बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नखवाल्याचा तिसरा उपाय मी चुकून दुसऱ्याच्या आधी केला आणि फोन जिवंत झाला. मात्र नवजात बालकासारखा. आत काही नाही, कुणाची ओळख नाही. फोटो मुलाने आधीच कुठे कुठे जपून ठेवले होते, त्यामुळे कंटाळलेले पाहुणे बचावले. पण पडद्यावरची सगळी मांडणी गेली. नव्या सासूला नकार देणाऱ्या बाईच्या घरात मी जुनीच सासू नवी करून आणली होती.

मग आम्ही दोघं शेजारी बसलो. ही डोळे मिटून अंगठा पडद्यावर ठेवायची आणि सांगायची, "इथे ताई. ह्याच्या खाली मुलगा. इथे कोपऱ्यात ते गाण्याचं. नाही, जरा वर. तिथे माझा अंगठा आपणहून जात नाही." अंगठा जिथे थांबेल तिथे मी एकेक चित्र आणून ठेवत गेलो. संसारात इतकं शहाण्यासारखं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही, आणि ती म्हणते, तिलाही नाही.

आता मूळ काम. रूट झालेल्या फोनमध्ये प्रोसेसरच्या वेगाचं खातं उघडलं आणि माझे डोळेच भरून आले. तिथे लिहिलं होतं, 'गव्हर्नर'. अहो, पंपघरातल्या माझ्या इंजिनावर गव्हर्नर होता! दोन लोखंडी गोळे गरगर फिरायचे. इंजिन फार पळायला लागलं की बाहेर फाकायचे आणि डिझेल आवळायचे, मंदावलं की आत यायचे आणि सैल सोडायचे. फोनमध्ये गोळे नव्हते, काम तेच. एका खुणेवर फोन गरजेपुरता पळतो, एकीवर बॅटरी वाचवत रेंगाळतो, एकीवर सतत जिवाच्या आकांताने धावतो. वेगाचे आकडेही खालपासून वरपर्यंत मांडलेले. मी शेवटची खूण केली आणि आकडा सगळ्यात वर नेऊन ठेवला.

काय सांगू! फोन असा सुटला, की गजर लावायचा नुसता विचार केला तरी तो वाजायचा. ही 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून 'ठेवते हं' ऐकू यायचं. तापायचाही तसाच. मी रुमालाच्या घडीवर जरा टेकवला तर रुमालाला कडक इस्त्री झाली. गोळीवाल्यांची मांजर दुपारची त्याच्यावर झोपायला यायला लागली. ही त्याला भांडी उतरवायच्या फडक्याने धरायची. बॅटरी पेल्यातल्या पाण्यासारखी संपायची, म्हणून तो कायम चार्जरच्या दोरीने भिंतीला बांधलेला. पण पळत होता! इमारतीत माझा भाव वधारला. मॅनेजर आपला फोन घेऊन दारात उभे राहिले. मी म्हणालो, "आधी त्याला झोपवून बघा."

चार वाजता कॉल लागला तो कळ दाबल्याबरोबर. ताई अख्ख्या आल्या. आवाज आणि ओठ हातात हात घालून आले. हिला एवढा आनंद झाला, की तिने वर्षभराचं तुंबलेलं सगळं एका दमात सोडलं.

"ताई, अगं दिसतेस बघ कशी छान, केस कापलेस का, लेकीने कापले का, बरे कापलेत, इकडे आम्ही ठीक, ह्यांचा गुडघा आहेच, काल भाजीवाला काय म्हणाला माहितीय का, तू जेवलीस का, काय जेवलीस, औषध घेतेस ना, लहानपणी बघ तू औषध म्हटलं की माळ्यावर जायचीस, आठवतं?"

ताईंनी ओठ उघडले. "हो… मा…"

"माळ्यावर! हो ना! आणि मग बाबा खालून शिडीच काढून घ्यायचे!"

ताईंनी ओठ मिटले.

पहिल्या दिवशी मला ते यश वाटलं. पण मग रोज तेच व्हायला लागलं. ही बोलायची आणि ताई माना डोलवायच्या. 'हो' सुद्धा येईनासं झालं. थोड्याच दिवसांत मानही डोलेना. मग एक दिवस कॉल लेकीने घेतला. सुट्टी होती तिला.

"मावशी, राग मानू नकोस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आई हल्ली चार वाजत आले की झोपेचं सोंग घेते गं. बोलणं एकदम कमी झालंय. डॉक्टर म्हणत होते, असं नको व्हायला."

हिने फोन खाली ठेवला. बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिली. मोडायची, परत घालायची.

"माझं काय चुकलं हो?" तिने विचारलं.

एकदा मी म्हणून पाहिलं, "जरा थांबून थांबून बोलत जा की." तिने मनापासून केलंही, दोन वाक्यांपर्यंत. तिसऱ्या वाक्याला बहीण समोर दिसली आणि बांध फुटला. मायेला ब्रेक नसतो. असता तर तो लावायला मीच पहिला पंपघरातून पान्हा आणला असता.

अशातच माझ्या पेन्शनने डोकं वर काढलं. दरवर्षी मी जिवंत आहे हे सरकारला दाखवावं लागतं. माझा स्वतःचा फोन नुसता कानाला लावायचा आहे, तेव्हा ते काम हिच्या फोनवर होतं. समोर चेहरा धरायचा, डोळे मिचकावायचे, झालं. यंदा मी डोळे मिचकावले, तर फोन म्हणाला, 'या उपकरणात फेरफार झालेला आहे. सेवा देता येत नाही.' रूट केल्याचा सूड! मी पुन्हा मिचकावले. भुवयाही उडवल्या. ही म्हणाली, "पुरे, शेजारी बघतायत." घरमालक झालो खरा, पण सरकारदरबारी मेलो.

मग गेलो कार्यालयात. रांगेत सगळे माझ्याच वयाचे, आपापलं जिवंतपण सिद्ध करायला आलेले, आणि उभं राहून राहून ते सिद्ध करणं हळूहळू अवघड होत चाललेले. माझा नंबर आला. काचेपलीकडे एक बाई होत्या, बोटं कळफलकावर, नजर पडद्यावर.

"नाव? पूर्ण नाव. खातं कुठलं? शेवटचं पद? निवृत्ती कधी? जन्मतारीख? बायको आहे? तिचं नाव? जन्मतारीख तिची?"

"पाणी…" मी म्हणालो.

"पाणी बाहेर आहे. जन्मतारीख?"

"नाही, पाणीपुरवठा, म्हणजे…"

"ते झालं काका, पुढचं बोला. पटकन बोला, मागे रांग आहे. स्वतःची तारीख माहीत नाही का?"

आणि काय सांगू तुम्हाला, मला माहीत नव्हती! ज्या माणसाने उभ्या जन्मात गप्प बसण्याचा एकही प्रसंग साधला नाही, त्याच्या तोंडात जीभ अशी पडून राहिली, जणू दुसऱ्या कुणाची सांभाळायला दिली आहे. तारीख आत होती. मला दिसत होती. मी तिच्याकडे निघालो, की बाई पुढचा प्रश्न मधे आणून उभा करत होत्या. मागच्या म्हाताऱ्याने कीव येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता मी रडणार.

तेवढ्यात बाईंचा कॉम्प्युटर अडला.

"झालं याचं सुरू!" त्या म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसल्या. त्यावर तेच ते गोल फिरणारं चिन्ह असणार. पंखा फिरत होता. रांग सुस्कारत होती. मला कुणी काही विचारत नव्हतं. आणि त्या शांततेत माझी जन्मतारीख आपली आपण चालत आली. तिच्यामागून हिची आली. मग खातं, पद, निवृत्तीचा दिवस, निरोपाच्या दिवशी पंपावर बसलेली पाल, सगळं ओळीने. कॉम्प्युटर जागा होईपर्यंत मी बाईंना सगळं सांगून वर त्या रजेवरच्या पंपाची गोष्टही ऐकवली. त्या हसल्या. "अहो, इतकं छान बोलता की काका," त्या म्हणाल्या, "मग मघाशी काय झालं होतं?"

मला काचेत ताई दिसत होत्या. ओठ उघडून मिटणाऱ्या.

शिक्का घेतला आणि तडक घरी आलो. ही दुपारची कलंडली होती. भिंतीला बांधलेला फोन मी हलकेच सोडवला, त्या गव्हर्नरपाशी गेलो आणि बॅटरी वाचवत रेंगाळण्याच्या खुणेवर बोट ठेवलं. वेगाचा आकडा सगळ्यात खाली आणला. इतका, की फोनने 'नक्की ना?' विचारायलाही घटकाभर वेळ घेतला. मग माझ्या लक्षात आलं, एवढ्याने कॉल लागणारच नाही. एक घर वर चढवला. खालच्या मजल्यावर गोळीवाल्यांना कॉल लावून पाहिला. त्यांची मांजर पडद्यावर दोन हप्त्यांत आली. आणखी एक घर वर. पंपघरात आम्ही इंजिनाला कान लावून लय बसवायचो, तशी लय बसवत होतो. बोललेलं वाक्य पोचावं, पण बोलणाऱ्याला लगेच पुढचं बोलता येऊ नये. कॉल तुटू नये, पण धावूही नये. बसली एकदाची.

हिला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर 'माझ्या बोलण्याने ताई गप्प झाली' हे तिच्या मनातून पुढे कधी निघालं नसतं. त्यापेक्षा माझी कारागिरी फसली हे बरं. तसलं ओझं वाहायची मला सवय आहे.

"अहो!" चार वाजता हाक आली. "हा पुन्हा पहिल्यासारखा झाला की हो! तुमची दुरुस्ती म्हणजे ना, पाहुण्यासमोर शहाण्यासारखं वागणारं पोर. पाहुणा गेला की ये रे माझ्या मागल्या!"

हाकेला मॅनेजरही आले. "म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी? खोलाखोली करू नका!" त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू व्याजाचा दर वाढला. "आता माझं ऐका पंपवाले, त्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊ, मी येतो बरोबर. तो सांगेल तुम्हाला काय बिघडवलंत ते."

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. उत्तरं सुचत होती, नाही असं नाही. एक तर फार सुंदर होतं. ते मी गिळलं. आयुष्यातलं पहिलंच असेल.

तेवढ्यात पडद्यावर ताई यायला लागल्या. कपाळ, मग डोळे, मग खाली काही नाही. लेकीने मुद्दाम घरी राहून सोंगातून उठवून बसवलं असावं. ही म्हणाली, "ताई, कशी आहेस?" आणि पुढचं दहा वाक्यांचं सैन्य ओठावर आणून उभी राहिली. पण ताईंचा चेहरा थिजलेला. वाक्य पोचलंय की नाही कळेना. हिने हात बांधले. मॅनेजरांनी तोंड उघडलं, तर मी त्यांच्या पायावर पाय दिला. आम्ही तिघं गप्प.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. पुष्कळ ठिबकला.

"बरी…" फोनमधून आलं. मग काही नाही. मग, "आहे. तू… किती… वाळलीस."

हिने तोंडावर हात धरला. बोलायचं होतं तिला, पण बोललेलं मागाहून जातं हे आता तिला दिसत होतं, म्हणून थांबली. आणि ताई पुढे बोलल्या. शिडीचं बोलल्या. बाबा शिडी काढून घ्यायचे, तेव्हा माळ्यावर त्या एकट्या नसायच्या. ही पण मागून चढायची, ताईला एकटीला भीती वाटेल म्हणून, आणि वर गेल्यावर हीच आधी रडायची. एवढं सांगायला त्यांना चहा निवण्याइतका वेळ लागला. आमच्या हिला ते आठवतही नव्हतं.

मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. "नेटवर्क फार खराब आहे," ते म्हणाले. "तरी पण उद्या त्या दुरुस्तीवाल्याकडे…"

"काही नको," ही म्हणाली. पडद्यावरून नजर न काढता. "ह्याला आता कुणी हात लावायचा नाही." आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं तरी तुम्ही ते सोडून द्यायच्या निम्म्यात घालाल.

"ताई," ती फोनकडे वळून म्हणाली, "हे इथेच आहेत बघ. ह्यांच्याशी बोल."

तिने फोन माझ्याकडे फिरवला. ताईंनी मला पाहिलं. म्हणजे त्यांच्याकडे मी कपाळापासून हळूहळू उतरलो असेन. डोळे बारीक झाले. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना माझ्याबद्दल. ओठ उघडले, थांबले, परत उघडले. ही टेबलाची कडा घट्ट धरून बसली. शब्द आतून दारापर्यंत येताना आम्हाला दिसत होता. कुणी ढकललं नाही.

"था…" ताई म्हणाल्या.

आम्ही थांबलो.

"…पाड्या," ताई म्हणाल्या, आणि पडद्यावर थिजल्या त्या हसता हसताच.

कुणाच्या शिवीची मी एवढ्या जिवाने वाट पाहिली नव्हती. ही हसत होती की रडत होती कळायला मार्ग नव्हता. मी घसा खाकरला आणि फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हणालो, "अगदी खरं आहे, ताई."

ते वाक्य पलीकडे पोचायला वेळ लागणार होता. आम्ही वाट बघत बसलो.